बारावी केमिस्ट्री : एकमेकांना विचारूया (एकवीस दिवस उरले)

सुरंगी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वाळपईच्या पलीकडच्या एका गावातली. बारावी सायन्स, गोवा बोर्ड.

चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. त्यामुळे माझी एक गंमत झालीय. पुस्तकातलं वाक्य मला जसंच्या तसं येतं, पण त्यातलं "का" कुणी विचारलं की दातखीळ बसते. परवा शेजारच्या मुलीला इलेक्ट्रोकेमिस्ट्री मराठीत समजावायला बसले. ती कॉमर्सची, तिला त्याचं काही देणंघेणं नाही, नुसती भेंडी चिरत ऐकत होती. पाचव्या मिनिटाला तिने "म्हणजे काय गो?" म्हटलं आणि मला कळलं की निम्मं मलाच कळलेलं नाही.

म्हणून हा धागा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नोट्सचे फोटो टाकू नका. फोटो माझ्याकडेही ढीगभर आहेत, आणि आमच्याकडे नेटवर्क फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येतं. फोटो उघडेपर्यंत डास फोडून खातात.

सुरुवात मीच करते. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, म्हणाले, "पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला ऑक्झॅलिक ॲसिड गरम करतेस, मग मोहर्स सॉल्ट का नाही गरम करत?" मी म्हटलं, "पुस्तकात तसं दिलंय." ते हसले. अजून ते हसू कानात आहे. कोण सांगेल?

अर्धीपोई | रात्री ९:५८

मोहर्स सॉल्ट गरम केलं की फुटतं, असं आमच्या लॅबमध्ये सगळे म्हणतात. म्हणजे डीकंपोज होतं. आणि ऑक्झॅलिकला उष्णता लागते कारण ते ऑरगॅनिक आहे. बरोबर ना?

(म्हापसा. बारावी. केमिस्ट्रीत काठावर, पोई (गोव्याचा पाव) खाण्यात पहिला.)

बुरेटकाका | रात्री १०:२५

अर्धीपोई, अर्धंच बरोबर. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत सहाय्यक होतो, आता निवृत्त. शिकवलं नाही कधी, पण नळ्या धुताना जे ऐकलं आणि पाहिलं ते सांगतो.

मोहर्स सॉल्टमध्ये लोखंड आहे ते दोन-प्लसचं, फेरस. ते गरम केलं की हवेतला ऑक्सिजनच त्याचं फेरिक करायला लागतो. म्हणजे तू बुरेट उघडण्याआधीच थोडा माल हवेने खाल्लेला असतो आणि रीडिंग कमी येतं. शिवाय गरज काय? फेरस आपला इलेक्ट्रॉन थंडीतही पटकन देऊन टाकतं.

ऑक्झॅलिक मात्र आळशी. गार असताना परमँगनेटचा पहिला थेंब टाक आणि बघ, गुलाबी रंग तसाच तरंगत राहतो. पोरं घाबरतात, म्हणतात एंड पॉइंट आला! आलेला काही नसतो, रिॲक्शन सुरूच झालेली नसते. साधारण ६० अंशांना आणलं की थेंब विरघळायला लागतात. आणि खरी मजा पुढे आहे. दहा-बारा थेंबांनंतर रंग अचानक झटपट जायला लागतो, कारण परमँगनेटमधून तयार झालेलं मँगनीज दोन-प्लस स्वतःच त्या रिॲक्शनचा उत्प्रेरक बनतं. ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात ते हेच. आणि खळखळून उकळूही नका, ऑक्झॅलिकच मोडायला लागतं.

आता व्हायव्हात याच्या पोटातले प्रश्न येतात ते घ्या. ॲसिड सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करून क्लोरीन काढतं, म्हणजे परमँगनेट फुकट जास्त लागतं. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच ऑक्सिडायझर. ॲसिड कमी पडलं तर? फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो, ते मँगनीज डायऑक्साइड. तसं दिसलं की ओतून द्या, पुन्हा करा, वाचवायच्या भानगडीत पडू नका. आणि बुरेट वाचताना वरची कड वाचायची, कारण गडद रंगात खालची वक्ररेषा दिसतच नाही.

एक्स्टर्नल हसले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस बाय. ते सकाळपासून साठ मुलांकडून "पुस्तकात दिलंय" ऐकत असतात.

सुरंगी | रात्री १०:४१

काका, देव बरें करूं. "पहिला थेंब तरंगतो" हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी! आणि मी घाबरून रीडिंग लिहूनही टाकलं होतं. मग सरांनी खोडलं.

अर्धीपोई | रात्री १०:४४

काका, "फुटतं" हा शब्द आजपासून बंद.

फेरीबोट | मंगळवार, दुपारी ३:१०

दिवाडी बेटावरून. धागा छान आहे, माझं एक अडलंय. पुस्तक म्हणतं, इथेनॉल आणि पाणी कितीही डिस्टिल करा, ९५ टक्क्यांच्या आसपास अडकतं. ॲझिओट्रोप, म्हणजे डिस्टिल करून पुढे वेगळं न होणारं मिश्रण. व्याख्या पाठ आहे. पण उकळबिंदू वेगवेगळे आहेत तर शेवटपर्यंत वेगळं का होत नाही? आणि "पॉझिटिव्ह डेव्हिएशन" म्हटल्यावर उकळबिंदू कमी का, वाढायला नको का? पॉझिटिव्ह म्हणजे वाढतं ना?

तांबडीमाती | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

हा प्रश्न माझा! काकाची काजूची भट्टी आहे. लहानपणापासून मार्च-एप्रिल तिथेच.

बोंडू (काजूची फळं) कोळमीत तुडवतात, निघतो तो नीरो. तो दोन-तीन दिवस आंबवायचा, मग भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, घालून खाली आग. वाफ नळीतून जाते, गार होते, जमते तो हुर्राक. हुर्राकात पुन्हा नीरो घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी. म्हणजे दर खेपेला दारू चढत जाते. कारण वाफेत नेहमी खालच्या द्रवापेक्षा इथेनॉल जास्त असतं. राऊल्टचा नियम भट्टीवर बसून बघायचा असेल तर तो हा.

तेव्हा फेणी म्हणजेच ॲझिओट्रोप. जितकी चढायची तितकी चढली, पुढे अडकली.

माडाचीसावली | मंगळवार, संध्याकाळी ७:५२

मी एक पालक म्हणून वाचत होते. केमिस्ट्रीच्या अभ्यासात दारूची भट्टी कशाला? मुलांना दुसरी उदाहरणं नाहीत का?

अर्धीपोई | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

ताई, प्रकरणाचं नावच "अल्कोहोल, फिनॉल आणि ईथर" आहे, आम्ही काय करणार?

वेर्णेक्यूसी | मंगळवार, रात्री ९:०५

माडाचीसावली ताई, तुमचं म्हणणं समजलं, पण कुणी पीत नाहीये, मोजतायत. आणि काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा ती अगदीच वाया गेलेली नाही. मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. रोज सॉल्व्हंटांशीच संसार.

तांबडीमाती, वर्णन झकास, निष्कर्ष चुकला. फेणी ४२-४३ टक्क्यांची असते. ॲझिओट्रोप वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर. फेणी अडकलेली नाही, थांबवलेली आहे. तुझा काका गराव (दारूचा कडकपणा) बघून थांबतो, त्याला चव आणि वास हवा असतो. अजून चार वेळा काढली तर टक्केवारी चढेल आणि फेणीचं फेणीपण जाईल.

आता फेरीबोटचा प्रश्न. "पॉझिटिव्ह" हे बाष्पदाबाबद्दल आहे, उकळबिंदूबद्दल नाही. इथेच सगळे घसरतात. शुद्ध इथेनॉलमधले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, पाण्यातले तर फारच घट्ट. मिसळल्यावर नव्या शेजाऱ्याशी पकड तेवढी जमत नाही, रेणू वाफेत सहज पळतात, बाष्पदाब अपेक्षेपेक्षा जास्त. ते झालं पॉझिटिव्ह. आणि बाष्पदाब जास्त म्हणजे द्रव लवकर उकळणार, म्हणून उकळबिंदू कमी. मिनिमम बॉइलिंग ॲझिओट्रोप. त्या एका प्रमाणावर वाफ आणि द्रव यांची रचना तंतोतंत सारखी होते. वाफेत जास्त काही नसेल तर डिस्टिलेशन वेगळं करणार काय? ते जे वर नेतं तेच खाली असतं.

उलटं उदाहरण नायट्रिक ॲसिड आणि पाणी. पकड वाढते, वाफ कमी, उकळबिंदू जास्त, ६८ टक्के ॲसिडवर अडकतं. बोर्डात जोडी विचारतात, दोन्ही लक्षात ठेवा.

तांबडीमाती | मंगळवार, रात्री ९:१८

"अडकलेली नाही, थांबवलेली." काकाला सांगितलं. काका म्हणाला, मग काय तर, बारावीत गेल्यावर कळलं तुला?

दोनापावला | बुधवार, सकाळी ८:१५

मित्रांनो, गोष्टी छान चालल्यात पण वेळेचं भान ठेवा. आता वीसच्या आत दिवस आहेत. पुस्तकात फक्त १० प्रकरणं उरलीत. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, मेटलर्जी, पी-ब्लॉक, पॉलिमर, एव्हरीडे लाइफ सगळं गेलं. मागच्या वर्षांचे पेपर घ्या, उत्तरं पाठ करा, लिहा, मोकळे व्हा. "का" वगैरे कॉलेजात गेल्यावर. मी पाच वर्षांचे प्रश्न तीनदा लिहून काढलेत.

सुरंगी | बुधवार, संध्याकाळी ६:४०

तुझं खरं आहे रे, पेपर मीही सोडवते. पण एक प्रयोग कर. ॲनिलीनवर फ्रीडेल-क्राफ्ट्स (बेंझीनच्या रिंगला कार्बनचा ग्रुप जोडणारी रिॲक्शन) होत नाही, हे तुला पाठ असेल. कारण लिही, पुस्तक न बघता.

दोनापावला | बुधवार, रात्री ८:०२

"ड्यू टू सॉल्ट फॉर्मेशन विथ ॲल्युमिनियम क्लोराइड." एक मार्क.

सुरंगी | बुधवार, रात्री ८:०५

कुणाचं सॉल्ट? कशामुळे? आणि झालं तर रिंगचं काय बिघडतं?

दोनापावला | बुधवार, रात्री ८:३१

(लिहितोय.)

दोनापावला | बुधवार, रात्री ८:५०

ठीक आहे. ॲल्युमिनियम क्लोराइड लुईस ॲसिड आहे, त्याला इलेक्ट्रॉनची जोडी हवी. ॲनिलीनच्या नायट्रोजनवर ती मोकळी बसलेली आहे. दोघं जुळतात. आता नायट्रोजनवर पॉझिटिव्ह चार्ज येतो, म्हणजे जो ग्रुप रिंगला इलेक्ट्रॉन देत होता तोच ओढायला लागतो. रिंग मरगळते. शिवाय उत्प्रेरकही अडकून बसतो. बरोबर?

मान्य, "ड्यू टू सॉल्ट" लिहिताना यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

वेर्णेक्यूसी | बुधवार, रात्री ९:३०

पूर्ण बरोबर. आणि आता याच धाग्याचं दुसरं टोक ओढ. ॲनिलीनचं थेट नायट्रेशन केलं तर ५१ टक्के पॅरा, ४७ टक्के मेटा आणि फक्त २ टक्के ऑर्थो मिळतं (ही रिंगवरच्या जागांची नावं). अमिनो ग्रुप तर ऑर्थो-पॅरावाला, मग मेटा इतकं कुठून आलं? तेच! आम्लात बऱ्याचशा ॲनिलीनचं ॲनिलिनियम होतं, नायट्रोजनवर पॉझिटिव्ह, आणि तो मेटाकडे पाठवतो. एक कारण कळलं की दोन प्रश्न सुटतात. पाठ केलं असतंस तर दोन वेगळी वाक्यं झाली असती.

म्हणून आधी ॲसेटिक ॲनहायड्राइडने नायट्रोजनला शाल पांघरायची, नायट्रेशन करायचं, मग शाल काढायची. ही ॲसिटिलेशनची शाल तुम्ही सगळ्यांनी तापात खाल्लेली आहे. पॅरा-अमिनोफिनॉलला तीच पांघरली की पॅरासिटामॉल. तिथे मात्र ती काढायची नसते.

आणि दोनापावला, मेडिकलची 'नीट' परीक्षा देणार असशील तर पी-ब्लॉक टाकून देऊ नकोस, तिथल्या अभ्यासक्रमात तो आहे. बोर्डाच्या पुस्तकातून गेला म्हणून जगातून गेला नाही.

दोनापावला | बुधवार, रात्री ९:४१

हे आधी कुणी का नाही सांगितलं!! बांबोळीच्या मेडिकल कॉलेजसाठीच तर सगळा खटाटोप आहे.

फेरीबोट | गुरुवार, सकाळी ७:२०

आज मी सांगणार. कायनेटिक्समधली झिरो ऑर्डर मला फेरीच्या रांगेत उभं असताना कळली, त्यामुळे तिच्यावर माझा हक्क.

फेरीत एका खेपेला मावतात तेवढ्याच गाड्या मावतात. रांगेत पन्नास उभ्या असोत की दोनशे, तासाला पलीकडे जाणाऱ्या गाड्या तेवढ्याच. रांगेच्या लांबीवर वेग अवलंबून नाही. झिरो ऑर्डर. पुस्तकातलं उदाहरण म्हणजे तापलेल्या प्लॅटिनमवर जास्त दाबाखाली अमोनियाचं विघटन. प्लॅटिनमचा पृष्ठभाग म्हणजे फेरी, भरली की भरली, बाहेर अमोनिया कितीही ताटकळू दे.

फर्स्ट ऑर्डरमध्ये वेग शिल्लक मालाच्या प्रमाणात, म्हणून ठरावीक वेळात नेहमी निम्मं संपतं. आता तो दरवर्षीचा प्रश्न, "९९.९ टक्के पूर्ण व्हायला हाफ-लाइफच्या दहापट वेळ लागतो हे दाखवा." लॉग लावून दाखवा, मार्क त्याचेच. पण आधी बोटांवर करून बघा. १००० काजूबिया घ्या. ५००, २५०, १२५, ६२, ३१, १६, ८, ४, २, १. दहा वेळा निम्मं केलं आणि हजारातली एक उरली. ९९.९ टक्के गेल्या!

अर्धीपोई | गुरुवार, सकाळी ७:४४

६२ नाही, ६२.५.

फेरीबोट | गुरुवार, सकाळी ७:४५

अर्धी बी तू खा.

बुरेटकाका | गुरुवार, सकाळी १०:१०

वा रे फेरीबोट. आता तुझ्याच फेरीवर एक प्रश्न. झिरो ऑर्डरमध्ये निम्म्या गाड्या जायला जर एक तास लागला तर सगळ्या जायला किती?

फेरीबोट | गुरुवार, दुपारी १:३०

दोन तास. वेग बदलतच नाही ना, म्हणून दोन हाफ-लाइफमध्ये खेळ खलास. फर्स्ट ऑर्डरमध्ये कागदावर तरी कधीच पूर्ण संपत नाही. हे मी आत्ताच पहिल्यांदा म्हटलं. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

काणकोणची | गुरुवार, रात्री ८:१५

निकेलचे तीन कॉम्प्लेक्स मला नेहमी घोळात टाकतात. टेट्राक्लोरो, टेट्रासायनो, टेट्राकार्बोनिल. कुणी एका दमात सांगेल का?

दोनापावला | गुरुवार, रात्री ८:४०

क्लोराइड अशक्त लिगँड (धातूला चिकटणारा ग्रुप), डी-आठमधले दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन तसेच राहतात. एसपी-थ्री, टेट्राहेड्रल, पॅरामॅग्नेटिक. सायनाइड दांडगा, त्या दोघांची जोडी लावतो, एक डी-ऑर्बिटल रिकामं होतं. डीएसपी-टू, स्क्वेअर प्लेनर, डायमॅग्नेटिक. कार्बोनिलमध्ये निकेल शून्यावर, हे विसरू नकोस. तिथे फोर-एसमधले दोन इलेक्ट्रॉनही थ्री-डीत ढकलले जातात, डी-दहा भरून जातं, मग आकार एसपी-थ्री टेट्राहेड्रल पण डायमॅग्नेटिक. पहिल्या आणि तिसऱ्याचा आकार एकच, चुंबकत्व वेगळं. प्रश्न तिथेच फसवतो.

(बघ सुरंगी, "का"सकट लिहिलंय.)

सुरंगी | शुक्रवार, रात्री ९:१५

बघितलं रे, शाणा झालास!

आज मला आजीने शिकवलं, म्हणजे तिला माहीत नाही तिने शिकवलं ते. चेपण्या तोरांची गेल्या वर्षीची बरणी काढली होती. कोवळ्या तोरी (कैऱ्या) मिठात घालून वर दगड ठेवते ना, ती. मी म्हटलं, आजी, मीठ आंब्यात शिरतं म्हणून सुरकुततात. ती म्हणाली, "शिरतं कसलं? मी सुकं मीठ घातलं होतं आणि दोन दिवसांत बरणीत पाणी झालं. ते पाणी कुठून आलं सांग."

मी गप्प. पाणी आंब्यातून आलं होतं! ऑस्मोसिसमध्ये सॉल्व्हंट सरकतो, पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, अर्धपार्य पडद्यातून. मीठही हळूहळू मुरतं, नाहीतर तोर खारट झाली नसती, पण सुरकुती पाणी गेल्याची. पुस्तकात लोणच्याच्या कैरीचं हेच उदाहरण आहे. शंभरदा वाचलंय आणि शंभरदा डोक्यात उलटं धरलंय.

माडाचीसावली | शुक्रवार, रात्री ९:४०

हे उदाहरण चांगलं. आणि आजीने तोरी धुऊन पूर्ण सुकवल्या होत्या का? नाहीतर पाणी तिथलंही असेल.

सुरंगी | शुक्रवार, रात्री ९:४४

ताई, तुम्ही एक्स्टर्नल आहात का? 😄 हो, फडक्यावर रात्रभर सुकवते.

अर्धीपोई | शनिवार, सकाळी ११:००

माझी ऑरगॅनिकची नेम रिॲक्शन. चाळीसेक आहेत आणि सगळ्यांची नावं जर्मन काकांसारखी. काय करू? खरंच रडकुंडीला आलोय.

काणकोणची | शनिवार, सकाळी ११:३५

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डं केलीत. पुढे नाव आणि रिएजंट. मागे दोनच गोष्टी: काय बनतं, आणि *कुणावर चालत नाही*. दुसरी जास्त कामाची. कॅनिझारोच्या मागे लिहिलंय, "अल्फा हायड्रोजन असेल तर मी नाही, आल्डॉलकडे जा." गॅब्रिएलच्या मागे, "ॲनिलीन माझ्याकडून मिळणार नाही, कारण क्लोरोबेंझीनचा क्लोरीन सुटत नाही." विल्यमसनच्या मागे, "टर्शरी हॅलाइड दिलंत तर ईथर नाही, अल्कीन मिळेल." हॉफमन ब्रोमामाइड, "एक कार्बन गिळतो."

धाकटा भाऊ सातवीत आहे. तो नाव वाचतो, मी मागचं बोलते. चुकले की त्याला एक चॉकलेट. गेल्या आठवड्यात त्याची चांगलीच चंगळ झाली, आता तो बिचारा कंगाल होत चाललाय.

बुरेटकाका | शनिवार, दुपारी १२:२०

ल्युकास टेस्ट (अल्कोहोलचा प्रकार ओळखायची) मात्र मी पोरांना म्हणायला लावायचो: तिसरा तत्काळ, दुसरा पाच मिनिटं, पहिला ढिम्म. टर्शरी अल्कोहोल लगेच गढूळ, सेकंडरी थोड्या वेळाने, प्रायमरी साध्या तापमानाला काहीच नाही. पण म्हणून झालं की विचारायचो, का? कार्बोकॅटायन कुणाचा टिकाऊ? पाठांतराशी माझं वैर नाही, फक्त त्याला एकटं सोडू नका.

अर्धीपोई | शनिवार, दुपारी १२:२५

आमच्या घरी लग्नपत्रिकांचा डबाच आहे. आवय विचारतेय कुणाचं लग्न. कामाला लागतो.

सुरंगी | पुढच्या गुरुवारी, रात्री १०:०५

आठवडाभर नेटवर्क नव्हतं. नर्न्स्टच्या समीकरणात (सेलचा व्होल्टेज काढायच्या) माझी नेहमी एकच चूक: लॉगमध्ये वर कुणाला घालायचं, खाली कुणाला. ई = ई शून्य वजा (०.०५९१ भागिले एन) गुणिले लॉग क्यू. समीकरण पाठ आहे, क्यू उलटा होतो.

बुरेटकाका | पुढच्या गुरुवारी, रात्री १०:३०

उत्तर काढण्याआधी उत्तर कुठल्या बाजूला असायला हवं ते ठरवायचं. डॅनियल सेल घे. १.१० व्होल्ट, दोन्ही बाजू एक मोलर असताना. झिंक झिजतं, झिंकचे आयन बनतात. कॉपरचे आयन बसतात, कॉपर बनतं. म्हणजे कॉपरचे आयन हा कच्चा माल आणि झिंकचे आयन हा तयार माल.

कच्चा माल कमी आणि तयार माल साचलेला असेल तर कारखान्याची ओढ कमी. उत्तर १.१० च्या खाली. उलट असेल तर वर. एवढं समासात पेन्सिलीने आधी लिही, "खाली" किंवा "वर". मग आकडे घाल. विरुद्ध आलं तर क्यू उलटा झालाय.

वेर्णेक्यूसी | पुढच्या गुरुवारी, रात्री १०:५२

काका, आमच्याकडेही हेच. मशीन कितीही महागाचं असो, आकडा येण्याआधी अंदाज लिहायचा. नाहीतर मशीन म्हणेल ते खरं वाटायला लागतं.

फेरीबोट | पेपरच्या दिवशी, दुपारी २:०५

सुटलो! पेपर बरा होता. शिगम्याच्या मेळाचा सराव ऐकत लिहिला, बाहेर ढोल आणि आत डी-ब्लॉक.

डॅनियल सेलचं आलं होतं. झिंक ०.१ मोलर, कॉपर ०.०१ मोलर. मला १.१३ आलं. सगळ्यांना तेच ना?

दोनापावला | पेपरच्या दिवशी, दुपारी २:३०

१.०७.

काणकोणची | पेपरच्या दिवशी, दुपारी ३:१०

१.०७. आणि अमोनियाचं झिरो ऑर्डर आलं होतं, मी फेरीच्या रांगेत जाऊन आले. उत्तरात फेरी लिहायची नाही हे वेळेत आठवलं.

फेरीबोट | पेपरच्या दिवशी, दुपारी ३:१२

अरे देवा.

अर्धीपोई | पेपरच्या दिवशी, दुपारी ३:४०

मी प्रश्नच सोडला, पर्यायातला दुसरा घेतला. पण कॅनिझारो आलं, गॅब्रिएल आलं, आणि लग्नपत्रिका डोळ्यांसमोर. "सौ. व श्री. यांचे कनिष्ठ चिरंजीव" सकट.

सुरंगी | पेपरच्या दिवशी, संध्याकाळी ७:२५

आत्ता गच्चीवर आले. मला आधी १.१३ च आलं होतं. समासात पेन्सिलीने "खाली" लिहिलेलं दिसलं. कॉपर कमी, ओढ कमी. मग क्यू परत मांडला: वर झिंक, खाली कॉपर, ०.१ भागिले ०.०१ म्हणजे १०, लॉग १, तर १.१० वजा ०.०२९५. १.०७.

फेरीबोट, समीकरण आणि ई शून्य बरोबर लिहिलं असशील तर पायऱ्यांचे मार्क मिळतील रे, जेव नीट.

फेरीबोट | पेपरच्या दिवशी, संध्याकाळी ७:३१

लिहिलंय. जेवतो. मॅथ्सचा धागा कोण काढतंय? इंटिग्रेशनमध्ये माझी अवस्था परमँगनेटच्या पहिल्या थेंबासारखी आहे.